संत मार्टिनचा ग्राफ

फादर रुमाव फोटो घेऊन आले तेव्हा
वीज गेलेली, नीलमनगरचे सगळे माग गप्प,
आणि अशा शांततेत कुणी आलं
की आम्ही उगाच मोठ्यानं बोलतो.

भिंतीवर लावायचं कापड हवं होतं, सहा फूट बाय चार,
चर्चमधल्या जुन्या तसबिरीवरून.
मूळ चित्र तिकडं युरोपात, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं.
तसबीर त्याची नक्कल,
फोटो नकलेची नक्कल,
आता चौथं मी करायचं.

अंधारच जास्त होता त्यात.
एका कोपऱ्यातून उजेड तिरका येतो,
गाभाऱ्याचं दार कुणी उशिरानं उघडावं तसा,
घोड्याच्या पुठ्ठ्यावर पडतो, मग चिलखतावर,
आणि उरलासुरला
खाली बसलेल्या एका उघड्या पाठीवर.
घोड्यावर शिपाई. पोरगेलासा. तलवार उपसलेली.
मी शत्रू शोधला. सापडेना.
तलवार त्याच्याच खांद्यावरच्या तांबड्या कापडात शिरलेली,
मध्यापर्यंत.

“कापतोय,” फादर म्हणाले,
“थंडीत कुडकुडणाऱ्याला अर्धं द्यायला.”
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
थंडी म्हणजे काय ते आम्ही
चादरीच्या गिऱ्हाइकांकडूनच ऐकलेलं.

अम्मा आतून आली मान पुसत.
“सगळंच का नाही दिलं?”
“अर्धं सरकारी होतं म्हणतात. त्याचं स्वतःचं अर्धंच.”
हे अम्माला लगेच पटलं.
नायनानं गिरणीत बत्तीस वर्षं काढली,
एकदा गेटवरच्या झडतीत
त्याच्या टोपीतून वीतभर चिंधी निघाली,
तीन दिवसांचा पगार गेला.
“पण काठ?” ती म्हणाली.
“कापलेल्या बाजूला काठ कुठाय?
दोघांच्याही दशा निघणार.”
फादर फोटोकडं पाहत राहिले.
त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं ते.

एकवीस रात्री चौकटी भरल्या.
एका चौकटीत ठिपकाभर रंग, अधलंमधलं काही नाही.
चित्रकार बोटानं पुसून
उजेडातून अंधारात उतरतो,
आम्हाला उडीच मारावी लागते.
काळा धागा घेतलाच नाही,
धुतल्यावर शेजारच्याला डाग लावतो.
बाटली हिरवा आणि चॉकलेटी
एकमेकांत घालून रात्र केली.
सगळ्यात अवघड भिकाऱ्याची पाठ.
नायनाला आंघोळ घालताना रोज एक पाठ बघते,
तीच उतरवली, मणक्यासकट.
फादरांना सांगितलं नाही.

तलवारीसाठी पांढरा धागा
वरून लांब मोकळा सोडला, बांधला नाही,
चमकावा म्हणून.
आणि कापलेलं कापड दाखवायला
एक धागा कापावा लागला नाही:
ताणा वरपासून खालपर्यंत अखंड,
संताच्या मुठीतून, पात्याखालून,
खालच्या उघड्या खांद्यातून
तोच.

मागावरून उतरलं तेव्हा नायनाला समोर बसवलं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं आधी उलटी बाजू पाहिली, विणकर तीच पाहतो,
म्हणजे हातानं.
उलट्या बाजूला सगळं फिरतं,
घोडा काळवंडतो, चिलखत विझतं,
आणि त्या वाकलेल्या पाठीच्या चहूकडं
भर दुपार.

मग सुलटी.
बोटं घोड्यावरून गेली, गुडघ्यावरून,
पात्यापाशी अडली.
“तार सुटलीय.”
“सुटली नाही नायना, तलवार आहे ती.
नक्षीच तशी आहे.”
“सुटलीय,” तो म्हणाला,
अंगठा जिभेला लावला
आणि शिपाई नि भिकाऱ्याच्या मधे
चाचपत राहिला
दुसरं टोक.